बिशप कोणी नेमायचा? जर्मन राजा चौथा हेन्री आणि कानोसाचे तीन दिवस

रोमचे व्हॅटिकन आणि चीनचे सरकार यांच्यात सप्टेंबर २०१८ मध्ये एक तात्पुरता करार झाला. चीनमधले कॅथलिक बिशप कोणी आणि कोणत्या पद्धतीने नेमायचे, हा त्याचा विषय आहे. कराराचा मजकूर आजवर प्रसिद्ध झालेला नाही. त्याची मुदत मात्र २०२० आणि २०२२ मध्ये वाढवण्यात आली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ती एकदम चार वर्षांसाठी वाढली. एखाद्या शहरातला धर्मगुरू कोण असावा, यात सरकारला एवढा रस का असावा आणि त्यासाठी वर्षानुवर्षे वाटाघाटी का चालाव्यात, असा प्रश्न ही बातमी वाचणाऱ्याला साहजिकच पडतो.

या प्रश्नावरून सर्वांत कडवा संघर्ष अकराव्या शतकात जर्मनीत झाला. त्याच्या केंद्रस्थानी चौथा हेन्री हा राजा होता. भर हिवाळ्यात, अनवाणी पायांनी, एका डोंगरी किल्ल्याच्या दाराशी पोपच्या क्षमेची वाट पाहत उभा असलेला राजा, एवढे एकच चित्र त्याच्या नावाशी कायमचे जोडले गेले आहे. त्या चित्रामुळे मूळ भांडण झाकले जाते. हेन्रीचे खरे नुकसान त्या किल्ल्याच्या दाराशी झाले नाही. ते सात आठवड्यांनी, तो हजरही नसलेल्या एका सभेत झाले, असे माझे मत आहे आणि ते का, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

‘जर्मनीचा राजा’ म्हणजे नेमके काय?

अकराव्या शतकात आजच्यासारखा जर्मनी नावाचा देश नव्हता. सॅक्सनी, बव्हेरिया, स्वाबिया, लोरेन असे मोठे प्रांत होते आणि प्रत्येकावर एक ड्यूक, म्हणजे आपापल्या भागात जवळजवळ स्वतंत्र असलेला सरदार, राज्य करत असे. या सर्वांवर एक राजा असे. त्याला ठरावीक राजधानी नव्हती. तो आपल्या लवाजम्यासह गावोगाव फिरत असे, जिथे मुक्काम तिथे दरबार भरवत असे आणि तिथेच न्याय देत असे. हाच राजा इटलीवर आणि १०३३ पासून बर्गंडीवरही हक्क सांगत होता. ‘सम्राट’ ही पदवी मात्र त्याला जन्माने किंवा निवडीने मिळत नसे. त्यासाठी रोमला जाऊन पोपच्या हातून राज्याभिषेक करवून घ्यावा लागे. त्यामुळे हेन्री १०५४ मध्ये राजा झाला तरी सम्राट होण्यासाठी त्याला १०८४ पर्यंत थांबावे लागले.

राजा बापामागून मुलगा होत असला, तरी प्रत्येक वेळी मोठ्या सरदारांची संमती घेतली जाई. वंशपरंपरा आणि निवड यांपैकी वरचढ कोण, हे कोणी स्पष्ट ठरवलेले नव्हते. राजा बलवान असेपर्यंत तसे ठरवण्याची कोणाला गरजही वाटत नव्हती.

धर्मगुरू राजाचा कारभारी कसा झाला?

ड्यूक आणि काउंट यांची पदे हळूहळू वंशपरंपरागत होत गेली होती. एकदा दिलेली जहागीर परत घेणे म्हणजे त्या घराण्याशी लढाई ओढवून घेणे होय. बिशपचे तसे नव्हते. त्याला वैध वारस नसे, त्यामुळे तो मेला की त्याचे पद, त्याच्या जमिनी आणि त्याचे अधिकार पुन्हा राजाच्या हाती येत. शिवाय त्याला लिहितावाचता येई. म्हणून दहाव्या शतकापासून जर्मन राजांनी बिशपांना आणि मोठ्या मठांच्या प्रमुखांना जमिनी, बाजारपेठा, जकात, नाणी पाडण्याचा हक्क आणि काही ठिकाणी पूर्ण जिल्हेच दिले. बदल्यात बिशपांनी राजाला सल्ला द्यायचा, त्याच्या मुक्कामाची सोय करायची आणि लढाईला स्वार पाठवायचे. राजा दुसरा ओटो याने इटलीच्या मोहिमेसाठी मागवलेल्या चिलखती स्वारांची एक यादी टिकून आहे. तिच्यातले निम्म्याहून बरेच अधिक स्वार चर्चने पुरवायचे होते.

एखाद्या मोठ्या मठाचे स्वामी आणि त्या जिल्ह्याचे कलेक्टर ही दोन्ही पदे एकाच माणसाकडे आहेत, अशी कल्पना करून पाहावी. भक्त म्हणतील की स्वामींची निवड धर्माच्या नियमाने व्हायला हवी. सरकार म्हणेल की कलेक्टर आम्हीच नेमणार. दोघांचेही म्हणणे रास्त आहे, पण माणूस एकच आहे. त्या काळच्या जर्मनीतले निम्मे राजकारण या पेचाभोवती फिरत होते.

नव्या बिशपला पदावर बसवताना राजा स्वतःच्या हाताने त्याला अंगठी आणि दंड देत असे. अंगठी हे बिशपच्या आपल्या चर्चशी झालेल्या लग्नाचे प्रतीक आणि वरून वळलेला दंड ही मेंढपाळाची काठी. पदाची चिन्हे हाती देण्याच्या या विधीला पुढे पदस्थापना म्हणू. राजाला त्यात वावगे काही वाटत नव्हते, कारण त्याच्या दृष्टीने तो स्वतः पवित्र तेलाने अभिषिक्त झालेला, साध्या गृहस्थाहून वेगळा माणूस होता.

चर्चमधल्या सुधारकांना हे खटकू लागले. पैसे देऊन धर्मपद मिळवणे हे घोर पाप आहे आणि राजा कितीही थोर असला तरी तो धर्मगुरू नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. गंमत अशी की या सुधारकांना रोममध्ये बळ देणारा हेन्रीचा बापच होता. १०४६ मध्ये तिसरा हेन्री इटलीत गेला, तेव्हा पोपपदावर तीन जण हक्क सांगत होते. त्याने तिघांनाही दूर करून सुधारणावादी जर्मन बिशपला पोप केले. बापाने सशक्त केलेली ही संस्था पुढे मुलाच्या विरोधात उभी राहिली.

पोरवयातला राजा

चौथ्या हेन्रीचा जन्म ११ नोव्हेंबर १०५० रोजी झाला. बापाच्या हयातीतच, १०५४ मध्ये, तीन वर्षांच्या या मुलाला आखेन येथे राजमुकुट घालण्यात आला. ऑक्टोबर १०५६ मध्ये बाप वारला, तेव्हा तो सहा वर्षांचाही नव्हता. आई आग्नेस राज्य चालवू लागली. सरदारांना राजी ठेवण्यासाठी तिने मोठमोठे प्रांत वाटले. स्वाबिया र्‍हाइनफेल्डनच्या रुडॉल्फला मिळाला आणि बव्हेरिया नॉर्थहाइमच्या ओटोला. हे दोघेही पुढे तिच्या मुलावर उलटले.

१०६२ चा वसंत ऋतू. ऱ्हाइन नदीकाठच्या कायझर्सव्हेर्थ येथे राजदरबाराचा मुक्काम होता. कोलोनचा आर्चबिशप, म्हणजे बिशपांवरचा प्रमुख, अॅनो तिथे आला आणि जेवणानंतर त्याने अकरा वर्षांच्या राजाला, मी आणलेली सुंदर नाव पाहायला चल, असे म्हटले. मुलगा नावेत चढताच वल्हेकऱ्यांनी नाव प्रवाहात लोटली. आपल्याला ठार मारायला नेत आहेत असे वाटून मुलाने नदीत उडी घेतली आणि तो बुडालाच असता. काउंट एकबर्टने मागोमाग उडी मारून त्याला बाहेर काढले. नाव कोलोनला पोहोचली आणि राजा ज्याच्या ताब्यात त्याचे राज्य, या न्यायाने सत्ता अॅनोच्या हाती गेली. हेन्री पुढे मोठ्या सरदारांवर कधीच पुरता विश्वास ठेवू शकला नाही आणि खालच्या दर्जाच्या, स्वतःवर अवलंबून असलेल्या माणसांना जवळ करत राहिला, त्याचे मूळ या दिवसात शोधण्याचा मोह होतो. तो मोह मलाही आवरत नाही.

१०६५ मध्ये तो सज्ञान झाला. बालपणी हातून गेलेल्या राजाच्या जमिनी परत मिळवण्यासाठी त्याने सॅक्सनीत, हार्झ पर्वताच्या परिसरात किल्ले बांधले आणि तिथे बाहेरची माणसे बसवली. जवळच गोसलारच्या चांदीच्या खाणी होत्या. सॅक्सन सरदारांनी आणि शेतकऱ्यांनी १०७३ मध्ये बंड केले. हेन्रीला हार्झबुर्गच्या किल्ल्यातून रात्री निसटावे लागले. पुढच्या वर्षी तह झाल्यावर जमावाने त्या किल्ल्यातले चर्च फोडले आणि तिथे पुरलेल्या राजाच्या लहान मुलाची व भावाची थडगीही उकरली. जून १०७५ मध्ये उन्स्ट्रुट नदीजवळच्या लढाईत हेन्रीने बंडखोरांचा पराभव केला. त्या क्षणी तो पंचवीस वर्षांचाही नव्हता आणि आता आपल्याला कोणी अडवणार नाही, असे त्याला वाटले असावे.

भांडण खरोखर अंगठी आणि दंडाचेच होते का?

शालेय पुस्तकांत हा वाद पदस्थापनेचा म्हणूनच शिकवला जातो. पण ठिणगी पडली ती मिलान शहराच्या आर्चबिशपपदावरून. रोमने मान्य केलेला एक उमेदवार असताना हेन्रीने १०७५ मध्ये तिथे आपला माणूस नेमला. १०७३ पासून पोपपदावर असलेला सातवा ग्रेगरी, म्हणजे पूर्वाश्रमीचा हिल्डेब्रांड, हे खपवून घेणाऱ्यांतला नव्हता. १०७५ मध्ये त्याच्या पत्रव्यवहाराच्या नोंदवहीत २७ छोटी विधाने लिहिली गेली. पोपला सम्राटांना पदच्युत करता येते आणि दुष्ट राज्यकर्त्याच्या प्रजेला निष्ठेच्या शपथेतून मुक्त करता येते, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. राजाने बिशपांची पदस्थापना करू नये हा नियम मात्र ग्रेगरीने स्पष्ट आणि सर्वांसाठी जाहीर केला तो १०७८ मध्ये, म्हणजे कानोसानंतर.

तेव्हा १०७६ चा मुद्दा विधीचा कमी आणि आज्ञापालनाचा अधिक होता: जगात शेवटचा शब्द कोणाचा? ग्रेगरीने राजाला पत्राने तंबी दिली. हेन्रीने जानेवारी १०७६ मध्ये वर्म्स येथे आपल्या बिशपांना जमवले. त्यांनी पोपचे आज्ञापालन सोडल्याचे जाहीर केले आणि हेन्रीने ‘आता पोप नव्हे तर खोटा संन्यासी असलेल्या हिल्डेब्रांडास’ उद्देशून, पदावरून खाली उतर, असे पत्र धाडले. फेब्रुवारीत ग्रेगरीने रोममधल्या धर्मसभेत उत्तर दिले. त्याने हेन्रीला बहिष्कृत केले, त्याला राज्य करण्यास मनाई केली आणि त्याच्या सर्व प्रजाजनांना निष्ठेच्या शपथेतून मोकळे केले.

बहिष्काराने राजाचे काय बिघडले?

पोपकडे सैन्य नव्हते, रोम दूर होते. मग त्याच्या शापाची एवढी भीती कशासाठी, अशी शंका आजच्या वाचकाला येते. बहिष्कृत माणसाबरोबर जेवणे, बोलणे, प्रार्थना करणे निषिद्ध होते; आपल्याकडे वाळीत टाकणे म्हणतात, त्याला मोक्ष गमावण्याचे भय जोडलेले होते. पण राजाच्या बाबतीत खरा घाव दुसरीकडे बसला. त्या काळच्या राज्याला पगारी नोकरशाही नव्हती, कायमचे सैन्य नव्हते. सरदाराने राजासमोर हात जोडून घेतलेली शपथ हेच राज्याचे बांधकाम होते. ती शपथ आता बंधनकारक नाही, असे सर्वोच्च धर्मगुरूने सांगितले, तेव्हा सॅक्सनीतल्या पराभूत सरदारांना आणि दक्षिणेतल्या नाराज ड्यूकांना बंडासाठी हवे असलेले पवित्र निमित्त आयते मिळाले. वर्म्सला राजाच्या बाजूने उभे राहिलेले बिशपही एकेक करून काढता पाय घेऊ लागले.

ऑक्टोबर १०७६ मध्ये सरदार ऱ्हाइनकाठी ट्रिबूर येथे जमले. पलीकडच्या काठावर, ओपेनहाइमला, राजा आपल्या घटत चाललेल्या गोतावळ्यासह वाट पाहत होता. सरदारांनी ठरवले की बहिष्काराला वर्ष पूर्ण होण्याच्या आत हेन्रीला क्षमा मिळाली नाही, तर तो आपला राजा नाही. शिवाय पोपने फेब्रुवारी १०७७ मध्ये आउग्सबुर्गला यावे आणि आमच्या व राजाच्या वादात न्याय द्यावा, असे आमंत्रण त्यांनी धाडले. हेन्रीच्या दृष्टीने यापेक्षा वाईट काही असू शकत नव्हते: पोप न्यायाधीश, सरदार फिर्यादी आणि राजा आरोपीच्या पिंजऱ्यात.

कानोसा

मग पोप जर्मनीत पोहोचण्याआधी आपणच त्याच्यापर्यंत पोहोचायचे, असे हेन्रीने ठरवले. आल्प्सच्या सोयीच्या खिंडी विरोधी ड्यूकांनी रोखल्या होत्या, म्हणून तो पश्चिमेकडून, बर्गंडीतून निघाला आणि सासुरवाडीच्या मुलुखातली मों सेनी ही सुमारे २,१०० मीटर उंचीची खिंड त्याने धरली. बरोबर पत्नी बेर्था आणि तीन वर्षांचाही नसलेला मुलगा कोनराड होता. त्या वर्षीचा हिवाळा असा होता की ऱ्हाइन नदी महिनोन्‌महिने गोठून राहिली, असे इतिवृत्तकार लिहितात. हेर्सफेल्ड मठातला संन्यासी लाम्बेर्ट या प्रवासाचे वर्णन करतो: उतारावर पुरुष हातापायांवर रांगत होते, कधी वाटाड्यांच्या खांद्यांचा आधार घेत होते, राणीला आणि तिच्या दासींना बैलाच्या कातड्यांवर बसवून ओढत खाली उतरवले, घोड्यांचे पाय बांधून त्यांना खाली सोडले, त्यांतले बरेच मेले. लाम्बेर्ट राजाचा विरोधक होता आणि त्याला नाट्य रंगवायची हौस होती, हे वाचताना ध्यानात ठेवलेले बरे. तरी भर जानेवारीत ही खिंड ओलांडणे जिवावरचे होते, याविषयी दुमत नाही.

राजा इटलीत उतरला हे कळताच ग्रेगरीला तो सैन्य घेऊन आला असावा अशी भीती वाटली. तो उत्तरेकडची वाट सोडून अपेनाइन डोंगरातल्या कानोसाच्या किल्ल्यात गेला. हा किल्ला टस्कनीची मातिल्डा हिचा होता. ती पोपची खंदी समर्थक आणि नात्याने राजाचीही आप्त होती. लोम्बार्डीतले बिशप आणि सरदार हेन्रीकडे आले आणि पोपवर चालून जाण्यास आम्ही तुमच्या मागे आहोत म्हणाले. हेन्रीने त्यांना थोपवून धरले. त्याला त्या घडीला विजय नको होता, क्षमा हवी होती.

२५ जानेवारी १०७७ पासून तीन दिवस तो किल्ल्याच्या दाराशी आला. याबद्दल सर्वांत महत्त्वाचा पुरावा खुद्द ग्रेगरीने जर्मन सरदारांना लिहिलेले पत्र हा आहे. राजा सर्व राजचिन्हे उतरवून, अनवाणी आणि लोकरीच्या साध्या वस्त्रांत, रडत क्षमा मागत होता, असे त्यात आहे. आपल्या भोवतालचे लोक कळवळून राजाची रदबदली करू लागले आणि ही धर्माची कठोरता नसून जुलमी माणसाचे क्रौर्य आहे असे काही जण म्हणाले, हेही ग्रेगरी स्वतःच सांगतो. आत हेन्रीच्या बाजूने बोलणाऱ्यांत मातिल्डा, हेन्रीची सासू आडेलहाइड आणि क्लुनी मठाचा प्रमुख ह्यू हे होते. ह्यू हा हेन्रीचा धर्मपिता. २८ जानेवारीला दार उघडले आणि ग्रेगरीने राजाला पुन्हा चर्चमध्ये घेतले.

तो तीन दिवस सतत बर्फात उभा होता का?

बहुधा नाही. त्या काळी जाहीर प्रायश्चित्ताचा ठरलेला विधी होता. अनवाणी पाय, साधे वस्त्र, अश्रू आणि उपवास हे त्याचे भाग होते आणि राजघराण्यातल्या माणसांनी तो पूर्वीही केला होता. हेन्री रोज दाराशी येई आणि संध्याकाळी मुक्कामी परते, असे मानणे अधिक सयुक्तिक आहे. त्यात अपमान नव्हता असे नाही, पण पाहणाऱ्यांना त्यात शरणागतीइतकाच धर्माचाराचा भाग दिसत होता. शिवाय दाराआडून दोन्ही बाजूंचे मध्यस्थ अटी ठरवत होते.

म्हणजे राजाने पोपवर मात केली, असेच म्हणायचे ना?

असे म्हणणारे अभ्यासक आहेत आणि त्यांचा युक्तिवाद पोकळ नाही. पश्चात्तापाने दाराशी आलेल्या पाप्याला क्षमा नाकारणे धर्मगुरूला शोभणारे नव्हते. ग्रेगरी राजकारणी म्हणून कचरला असेल, पण पुरोहित म्हणून त्याच्यापुढे पर्याय नव्हता. क्षमा मिळताच आउग्सबुर्गचा खटला बारगळला आणि सरदारांच्या हातून त्यांचे निमित्त गेले. एका प्रवासात हेन्रीने शत्रूंची युती फोडली.

मला हा हिशेब अर्धा वाटतो. क्षमा मागायला गेल्यामुळे, राजाच्या वर्तनाचा न्याय पोप करू शकतो हे हेन्रीने सर्वांदेखत मान्य केले. सरदारांशी असलेल्या वादात पोपचा निवाडा मानण्याचे वचनही त्याने कानोसाला दिले. पण त्याहून मोठी गोष्ट १५ मार्च १०७७ रोजी फोर्खहाइम येथे घडली. बहिष्कार उठला असतानाही सरदारांनी तिथे जमून रुडॉल्फ ऑफ र्‍हाइनफेल्डन याला राजा निवडले. हाच तो स्वाबियाचा ड्यूक, हेन्रीचा एकेकाळचा मेहुणा. निवडण्याआधी त्यांनी त्याच्याकडून दोन गोष्टी कबूल करून घेतल्या: बिशपांची निवड मोकळेपणाने होऊ द्यायची आणि राजपद मुलाला वारशाने मिळेल असे मानायचे नाही. वंश की निवड, या अनिर्णित प्रश्नाचे उत्तर सरदारांनी प्रथमच आपल्या बाजूने उघडपणे देऊन टाकले. पोपच्या क्षमेने हे उत्तर पुसता येणार नव्हते. हेन्रीने कानोसाला मिळवले ते पोपकडून, आणि गमावले ते स्वतःच्या सरदारांपुढे.

तोडलेला हात आणि लुटलेले रोम

पुढची तीन वर्षे जर्मनीत यादवी चालली. मार्च १०८० मध्ये ग्रेगरीने रुडॉल्फचा पक्ष घेऊन हेन्रीला दुसऱ्यांदा बहिष्कृत केले; कानोसाला मी त्याला चर्चमध्ये परत घेतले, राज्य परत दिले नव्हते, असे त्याने त्या वेळी सांगितले. या दुसऱ्या बहिष्काराचा परिणाम पहिल्याच्या पासंगालाही पुरला नाही. १५ ऑक्टोबर १०८० रोजी एल्स्टर नदीकाठच्या लढाईत रुडॉल्फचे सैन्य जिंकले, पण त्याचा उजवा हात तुटला आणि त्या जखमांनी तो मेला. राजनिष्ठेची शपथ घेताना वर केलेला हात तोच, हे कोणाला सांगावे लागले नाही. देवाने निवाडा दिला असे हेन्रीच्या पक्षाने मानले. मेर्सेबुर्गच्या कॅथेड्रलमध्ये रुडॉल्फची कांस्याची समाधी आहे आणि तिथे एक सुकलेला हात त्याचा म्हणून आजही दाखवतात.

हेन्रीने दरम्यान राव्हेनाच्या आर्चबिशपला प्रतिस्पर्धी पोप म्हणून पुढे केले, कित्येक वेळा रोमला वेढा घातला आणि अखेर ३१ मार्च १०८४ रोजी त्याच पोपच्या हातून सम्राटपदाचा मुकुट घातला. ग्रेगरी काही अंतरावरच्या सान्त आंजेलोच्या किल्ल्यात कोंडून बसला होता. दक्षिण इटलीतले नॉर्मन त्याच्या मदतीला आले, हेन्री निघून गेला आणि सोडवायला आलेल्यांनीच रोम लुटले. संतापलेल्या रोमकरांमध्ये ग्रेगरीला राहणे अशक्य झाले. २५ मे १०८५ रोजी तो सालेर्नो येथे परागंदा अवस्थेत मेला.

हेन्री दुष्ट होता, असे का म्हणतात?

त्याच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण संन्यासी किंवा बिशपांचे लेखक होते, आणि त्यांतले मोठे नामवंत सॅक्सन पक्षाचे किंवा पोपच्या पक्षाचे. त्याच्यावर व्यभिचारापासून खुनापर्यंत सर्व आरोप झाले. तरुणपणी त्याने बेर्थाला सोडण्याचा प्रयत्न केला होता, हे खरे. तिच्यात काही दोष नाही हेही त्याने कबूल केले होते. ती १०८७ मध्ये वारली. दुसरी पत्नी, कीव्हची राजकन्या युप्रॅक्सिया, पळून मातिल्डाकडे गेली आणि तिने १०९५ च्या पियाचेंझाच्या धर्मसभेत पतीवर अतिशय गंभीर आरोप केले. तिच्यावर खरोखर अत्याचार झाले असणे शक्य आहे; तिच्या तोंडून ते वदवून घेण्यात पोपच्या पक्षाचा फायदा होता, हेही तितकेच खरे.

उलट बाजूही आहे. १०९० मध्ये हेन्रीने स्पायर आणि वर्म्स येथल्या यहुद्यांना जीविताच्या, मालमत्तेच्या आणि व्यापाराच्या संरक्षणाची सनद दिली. १०९६ मध्ये पहिल्या क्रुसेडला, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाला, निघालेल्या टोळ्यांनी ऱ्हाइनकाठच्या यहुद्यांची कत्तल केली आणि अनेकांना बळजबरीने ख्रिस्ती केले, तेव्हा हेन्री इटलीत अडकलेला होता. परतल्यावर त्याने त्यांना आपल्या धर्मात परत जाण्याची मुभा दिली. चर्चचा नियम याच्या साफ विरुद्ध होता आणि त्याच्याच बाजूच्या पोपने निषेध केला, तरी तो मागे हटला नाही. १०९८ मध्ये त्याने लुटीच्या मालाची चौकशीही लावली. १०९३ पासून त्याच्यावर ओढवलेल्या संकटांत घरचाच भेद होता. थोरला मुलगा कोनराड त्या वर्षी इटलीत फुटला. १०९८ मध्ये त्याचा वारसाहक्क काढून धाकट्या हेन्रीला राजा नेमण्यात आले. बापाच्या हयातीत त्याच्या कारभारात आणि जीविताविरुद्ध हात घालणार नाही, अशी शपथ बापाने त्याच्याकडून घेतली.

ती शपथ डिसेंबर ११०४ पर्यंत टिकली. बहिष्कृत बापाला दिलेली शपथ बांधत नाही, हा जुनाच युक्तिवाद आता मुलाने वापरला. १११० च्या दशकातला सम्राट पाचवा हेन्री तो हाच. भेटीचे आणि सलोख्याचे वचन देऊन त्याने ११०५ च्या नाताळात बापाला किल्ल्यात अटकेत टाकले आणि वर्षाच्या अखेरच्या दिवशी इंगेलहाइम येथे त्याला राज्यत्याग करायला लावले. म्हातारा राजा निसटला, लिएजला पोहोचला, पुन्हा माणसे जमवू लागला आणि ७ ऑगस्ट ११०६ रोजी तिथेच वारला. बहिष्कृत म्हणून त्याला पवित्र भूमीत पुरता येईना. त्याने स्वतः भव्य करवलेल्या स्पायरच्या कॅथेड्रलला लागून असलेल्या, अजून विधिपूर्वक पवित्र न केलेल्या चॅपेलमध्ये त्याची शवपेटी पाच वर्षे राहिली. ११११ मध्ये मुलानेच पोपकडून परवानगी मिळवली आणि त्याला बापआजोबांच्या शेजारी पुरले.

मग शेवटी बिशप कोणी नेमला?

बापाविरुद्ध पोपची मदत घेतलेला पाचवा हेन्री सत्तेवर येताच पदस्थापनेच्या हक्कासाठी पोपशी तसाच भांडला. दोन्ही बाजू थकल्यावर २३ सप्टेंबर ११२२ रोजी वर्म्स येथे तोडगा निघाला. त्याची युक्ती म्हणजे बिशपच्या दोन भूमिका विधीमध्ये वेगळ्या करणे. अंगठी आणि दंड देण्याचा हक्क सम्राटाने सोडला. ती चिन्हे चर्चच देणार. जमिनी, जकात, नाणी हे ऐहिक अधिकार मात्र राजा आपल्या राजदंडाच्या स्पर्शाने देणार. जर्मनीत बिशपची निवड राजाच्या उपस्थितीत व्हायची आणि राजदंडाचा विधी धार्मिक अभिषेकाआधी. इटलीत आणि बर्गंडीत तो अभिषेकानंतर सहा महिन्यांच्या आत. हा क्रम किरकोळ वाटतो, पण सगळी मेख त्यातच आहे. आधी राजाकडे जावे लागले, तर नावडत्या माणसाला राजा अडवू शकतो. अभिषेक आधी झाला, तर राजापुढे मान डोलावण्यावाचून फारसे काही उरत नाही.

हा फक्त जर्मनीपुरता प्रश्न होता का?

नव्हता. इंग्लंड आणि फ्रान्समध्ये असेच वाद झाले आणि तुलनेने लवकर मिटले. पुढे सागरापार गेलेल्या राजसत्तांनी तर पोपकडून उलट दिशेचे करार करून घेतले. पोर्तुगालच्या राजाला आपल्या आशियाई मुलुखातल्या बिशपपदांसाठी नाव सुचवण्याचा हक्क होता, त्याला पाद्रुआदो म्हणत; १५३३ मध्ये स्थापन झालेल्या गोव्याच्या धर्मप्रांतावर तो चालत असे. त्याची झळ मुंबईलाही लागली. १९२८ च्या करारानुसार मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असावा, असे ठरले होते. १९५० मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस हे पहिले भारतीय आर्चबिशप तिथे आले, त्याच वर्षी पोर्तुगालने आपल्या ताब्याबाहेरच्या भारतीय धर्मप्रांतांवरचा हा हक्क सोडला.

जर्मनीत कानोसाची आठवण राजकीय हत्यार म्हणून उरली. कॅथलिक चर्चशी भांडण पेटलेले असताना जर्मन चॅन्सलर बिस्मार्कने मे १८७२ मध्ये संसदेत, आम्ही कानोसाला जाणार नाही, असे बजावले, तेव्हा श्रोत्यांना त्याचा अर्थ सांगावा लागला नाही. काही वर्षांतच त्याला आपले बरेच कायदे मागे घ्यावे लागले.

वर्म्सच्या तोडग्याचा खरा लाभ मात्र पोपला किंवा सम्राटाला झाला नाही. बिशप आता राजाचे नेमलेले कारभारी उरले नाहीत. राजदंडाकडून अधिकार घेणारे ते स्वतःच छोटे राज्यकर्ते बनले आणि इतर सरदारांच्या पंगतीत जाऊन बसले. फोर्खहाइमला मांडलेले निवडीचे तत्त्व हळूहळू पक्के झाले. १३५६ मध्ये सम्राट चौथ्या कार्लने राजा निवडणाऱ्या सात जणांची नावे कायद्याने निश्चित केली, तेव्हा त्यांतले तिघे माइन्झ, कोलोन आणि ट्रिअरचे आर्चबिशप होते. पूर्वी राजा त्यांना नेमत असे; आता राजा कोण व्हावा हे तेच ठरवत होते. त्यांची ही छोटी राज्ये नेपोलियनच्या धक्क्यापर्यंत, म्हणजे १८०३ पर्यंत टिकली.